माकडताप: बागेत मेलेलं माकड सापडलं, आता पुढे काय?

तिलारीकाठ

रामराम मंडळी. धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

काल सकाळी आठला आईचा फोन आला. "बागेत एक माकाड मरान पडलाहा. पुरून टाकूया म्हणतत सगळे. टाकू काय?" मी पुण्यात, हिंजवडीच्या कॅबमध्ये, दुसऱ्या कानात मीटिंग. "हात लावू नकोस आणि कोणाला लावू देऊ नकोस" एवढं जोरात ओरडलो की ड्रायव्हरने गाडी हळू केली.

आमची बाग सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. काजू, थोडी सुपारी, खाली ओहोळ आणि वर सरळ जंगल. २०१६ च्या जानेवारीत जवळच्या केर गावात तापाची साथ सुरू झाली, तेव्हा आधी सगळ्यांच्या तोंडी डेंग्यू आणि लेप्टोच होते. तपासणीत निघाला माकडताप, म्हणजे जंगलातली गोचीड चावून होणारा विषाणूचा ताप. पुढच्या वर्षी बांदा भागात पसरला आणि आमच्या घरात पोचला. काका काजी वेचून आले, दोन दिवसांनी हुडहुडी भरली. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी डॉक्टरने दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि डेंग्यू म्हणून सलाइन लावलं. हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर दुसरीकडे नेलं, तिथून तिसरीकडे. रक्ताचा नमुना नीट ठिकाणी गेला तो सातव्या दिवशी. काका वाचले, पण तीन महिने हात थरथरायचा. बँकेत सही जुळेना म्हणून दोनदा परत पाठवलं त्यांना.

म्हणून विचारतोय. मेलेल्या माकडाचं काय करायचं? घरचा कुत्रा त्याच्याजवळ जाऊन आलाय, त्याचं काय? आणि मुख्य म्हणजे, ऐन हंगामात काजी वेचायच्या की नाही? आई एकटी आहे, दोन गडी येतात.

गोठेवाला

मी पशुवैद्यक आहे, नोकरीतली बरीच वर्षं तळकोकणात गेली. आधी कामाचं सांगतो, गप्पा नंतर.

माकडाला हात लावायचा नाही हे बरोबर केलंत. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला, दोघांनाही कळवा. एकाला कळवलं की दुसऱ्याला आपोआप कळतं या भरवशावर राहू नका. मृतदेह ताजा असेल तर तपासणीसाठी नमुना घेतात, नंतर तो जाळतात, आणि आजूबाजूला साधारण ५० फुटांच्या घेरात कीटकनाशक मारतात. घेर का? माकड मेलं, अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि आजूबाजूच्या पातेऱ्यात, म्हणजे पाचोळ्यात, पसरतात. म्हणजे धोका माकडात कमी आणि माकडाखालच्या जमिनीत जास्त. नुसतं माकड उचलून पुरलं तर पुरणारा त्याच जागेवर उभा राहिलेला असतो.

कुत्र्याला आजार होईल म्हणून नव्हे, तो गोचीड अंगावर घेऊन घरात येईल म्हणून बांधा. हातमोजे घालून कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत बघा.

शंकासूर

मला एक कळत नाही. रोगाचं नाव माकडताप, पसरवतात माकडं, बागायतीचं नुकसानही माकडंच करतात. मग सरळ बंदोबस्त का करत नाहीत त्यांचा? लगेच प्राणीप्रेमी धावून येतील, माहीत आहे.

चकलीबिस्किट

आले.

गोठेवाला

शंकासूर, प्राणीप्रेम बाजूला ठेवून नुसता हिशोब करू. ही गोचीड, हिमॅफिसालिस स्पिनिजेरा, जन्मभर एकाच प्राण्यावर राहत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड, जे सापडेल त्याचं रक्त पितं आणि खाली पडतं. कात टाकून मधली अवस्था होते, ती पुन्हा नवा प्राणी शोधते. ही खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडीच मोठी असते, आणि माणसाला चावते ती हीच. शेवटी प्रौढ झाली की मोठं जनावर पकडते. ते मोठं जनावर आपल्याकडे कुठलं? गाय, म्हैस, बैल.

गाईला माकडताप होत नाही, पण गोचिडीची पुढची पिढी गाईच्या रक्तावर पोसते. पोट भरलेली मादी खाली पडते आणि हजारावर अंडी घालून मरते. सकाळी जंगलात चरायला सोडलेली आणि संध्याकाळी काजूच्या बागेतून घरी येणारी गाय ही अंडी कुठे टाकत येते ते बघा. माकडाचा दोष इतकाच की त्याच्या रक्तात विषाणू फार वाढतो. त्यामुळे त्याला चावलेल्या बऱ्याच गोचिडींना तो मिळतो. आणि ते बिचारं मरतं. माकड मारलंत तर त्याच्यावरची गोचीड उपाशी राहून मरत नाही, दुसरा यजमान शोधते. बागेत त्या वेळी दुसरं कोण असतं?

शंकासूर

काजी वेचणारा. बरं, मुद्दा पोचला. तरी माझ्या नारळांचं नुकसान कोण भरून देणार हा प्रश्न राहिलाच.

सत्तरीकार

तिलारीकाठ, आमचं गाव तुमच्या डोंगरापलीकडे, गोव्यात सत्तरीत. आमच्याकडे २०१५ मध्ये पाली गावापासून हे सुरू झालं. त्याआधी हा ताप म्हणजे कर्नाटकातली गोष्ट असंच सगळे समजायचे. गोचिडीला कसला आलाय तालुका आणि कसलं राज्य.

काजूचं काम ज्यांनी केलं नाही त्यांना पटकन कळणार नाही म्हणून सांगतो. आंबा झाडावरून उतरवतात, काजू मात्र खाली पडलेला वेचायचा असतो. पिकून गळलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पातेऱ्यात दडलेला असतो, तो खिळा लावलेल्या काठीने टिपतात नाहीतर हाताने पाला बाजूला करून उचलतात. बी पिरगळून वेगळी करायची, बोंडू भट्टीला. हे सगळं उकिडवं बसून किंवा कमरेत वाकून, सकाळी दवाच्या वेळी, फेब्रुवारी ते मे. आणि गोचिडीची ती मधली अवस्था जास्तीत जास्त कधी असते? जानेवारी ते मे. देवाने दोन्ही पंचांगं एकावर एक ठेवल्यासारखी.

आमच्याकडे लस दिली होती. हात दोन दिवस असा ठणकला की दुसऱ्या डोसला अर्धा वाडा घरी सापडेना. माझी बहीण न्हाणीघरात लपून बसली होती.

तिलारीकाठ

@सत्तरीकार, लस अजून मिळते का? आईला देता येईल?

ओपीडी_नं_४

मी डॉक्टर आहे, जिल्हा रुग्णालयात काम केलंय. मीच उत्तर देते. जुनी लस आता नाही. ती कोंबडीच्या भ्रूणपेशींमध्ये विषाणू वाढवून, फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून बनवत. एक महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढेही दरवर्षी. कर्नाटकातल्या २००५ ते २०१० च्या आकडेवारीत दोन डोसांनी साधारण ६२ टक्के आणि बूस्टरसह ८३ टक्के संरक्षण दिसलं. एकच डोस घेऊन थांबलेल्यांना जवळपास काही फायदा नव्हता, म्हणजे न्हाणीघरात लपणाऱ्यांचा पहिला ठणकाही फुकट गेला. पुढे लसीचा जोर कमी पडतोय असं दिसून २०२२ मध्ये ती बंद झाली. नव्या लसीवर आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, काम चालू आहे.

आता आजाराबद्दल. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकदम ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, कंबर-पिंढऱ्या ठणकतात, उलट्या, डोळे लाल. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी येतात, आणि तिथेच फसगत होते, कारण कागदावर तो डेंग्यूसारखाच दिसतो. माझा साधा नियम असा होता: महिना फेब्रुवारी-मार्च, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आणि रुग्णाच्या पायाला काजूचा चीक, तर नमुना माकडतापासाठी पाठवायचाच. पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू सापडतो, आरटी-पीसीआरने कळतं. उशीर झाला तर अँटिबॉडी बघाव्या लागतात.

बरेच जण दोन आठवड्यांत बरे होतात. पण दहातल्या एक-दोघांना मध्ये काही दिवस बरं वाटून ताप उलटतो, आणि या वेळी मेंदूवर जातो: मान आखडणं, बरळणं, हात कापणं. काकांची थरथर त्यातलीच असावी. मृत्यूचं प्रमाण ३ ते ५ टक्के. विषाणूवर थेट औषध नाही, पाणी, रक्तदाब, रक्तस्राव सांभाळायचा. म्हणूनच तिलारीकाठ यांच्या काकांना मिळालेलं ते दुखण्याचं इंजेक्शन वाचून माझं डोकं फिरलं. प्लेटलेट्स उतरलेल्या माणसाला असली वेदनाशामकं आणि दंडात-कुल्ल्यात सुई, दोन्ही नको. तापाला पॅरासिटामॉल. बस.

एका माणसापासून दुसऱ्याला हा होत नाही. रुग्णाला वाळीत टाकू नका, हेही लिहून ठेवते, कारण ते बघितलंय.

झाडीपट्टी

ओपीडीताई, आमच्या विदर्भातला अनुभव जोडतो. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण निघाले. तोही गवत-झुडपातल्या किड्यापासूनच, पण गोचीड नव्हे, त्याहून बारीक चिगर. तोही आधी डेंग्यू समजूनच चालला. फरक एवढाच की तो जिवाणूमुळे होतो, डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं तर माणूस झपाट्याने उठतो. शेतावरून आलेल्याला ताप असेल तर काखेत, जांघेत, पोटावर सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का ते कपडे काढून बघावं म्हणतात. लाजेपायी कोणी दाखवत नाही, आणि घाईपायी कोणी बघत नाही.

इसारकाठची

मी म्युनिकमध्ये राहते. धागा वाचून चकित झाले, कारण इथे दर उन्हाळ्यात हीच चर्चा! दक्षिण जर्मनीत गोचिडीपासून मेंदूज्वर होतो, त्याचा विषाणू माकडतापाच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. लस आहे, तीन डोस, आणि आमच्या मुलांना बालवाडीच्या जंगल-सहलीआधी घ्यायला सांगितली. संध्याकाळी मुलांना आंघोळीआधी उभं करून गुडघ्यामागे, कानामागे, केसांत गोचीड शोधणं हा घरचा रिवाजच. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडायची आणि सरळ ओढायची. पिळायची नाही, चुरडायची नाही. माझी आजी रॉकेल लावायची, ते तर अजिबात नको.

इथे शेळीच्या कच्च्या दुधातूनही तो आजार झाल्याची उदाहरणं आहेत. माकडतापाचं तसं आहे का?

गोठेवाला

इसारकाठची ताई, माकडताप दुधातून आल्याचा पुरावा नाही. पण म्हणून कच्चं दूध प्यायला मोकळीक समजू नका. त्यातून येणारा ब्रुसेलोसिस मी माझ्याच सहकाऱ्यांत पाहिलाय. गाय गाभडली की वार हाताने काढायची, मोजे नाहीत, आणि मग वर्षभर रोज संध्याकाळी ताप नि सांधे धरलेले. उकळा आणि प्या. २०२२ मध्ये गुरांचा लंपी त्वचारोग आला तेव्हा लोकांनी उगाच दूध ओतून दिलं, जो आजार माणसाला होतच नाही. ज्याला घाबरायचं त्याला घाबरत नाहीत आणि भलत्यालाच घाबरतात.

गोठ्याचं राहिलं. गोचीडनाशक जनावरांच्या डॉक्टरला विचारून लावा. आयव्हरमेक्टिन दुभत्या जनावराला मनाने टोचू नका, ते दुधात उतरतं. आणि कोकणातली एक सवय या हंगामापुरती तरी सोडा: बागेतला पातेरा गोळा करून गोठ्यात अंथरायचा. खताला उत्तम, कबूल. पण त्या भाऱ्याबरोबर गोचीड डोक्यावरून घरी येते. शिमोग्याकडे वाळक्या पानांच्या ढिगात काम करणाऱ्यांना धोका जास्त दिसलाय.

शंकासूर

हा रोग एवढा जुना आहे तर आपल्याकडे २०१६ लाच का उगवला? मला यात काहीतरी काळंबेरं वाटतं.

गोठेवाला

काळंबेरं म्हणाल तर त्याचाही इतिहास आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मेली आणि पाठोपाठ माणसं तापाने पडली. म्हणून त्याचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. माकडं मरतायत म्हटल्यावर पहिली धास्ती पडली पीतज्वराची (यलो फीवर), कारण त्यातही माकडं मरतात. तो भारतात शिरला असता तर हाहाकार होता. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेची (एनआयव्ही), माणसं तिकडे धावली. निघाला नवाच विषाणू, रशियातल्या गोचीडज्वराच्या कुळातला. मग तो सायबेरियातून स्थलांतरी पक्ष्यांबरोबर आला का हे तपासायचं ठरलं, आणि पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कड्या घालायला सुरुवात केली. पुढे त्या कामाला अमेरिकी लष्कराचा पैसा लागला तेव्हा संसदेपर्यंत गदारोळ झाला. तुमच्या शंकेला पन्नास वर्षांची परंपरा आहे. पक्ष्यांनी आणल्याचं काही सिद्ध झालं नाही, आपल्याला पक्ष्यांची माहिती मात्र ढीगभर मिळाली. त्या संशोधनात प्रयोगशाळेतल्या अनेकांना स्वतःला लागण झाली, हे फारसं कोणी सांगत नाही.

'आताच का' याचं उत्तर बोशेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६९ मध्येच मांडलं होतं: जंगल तोडून शेती आत सरकली, गुरं जंगलात गेली, गोचीड वाढली. १९८३ मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळ्तंगडी तालुक्यात जंगल साफ करून काजू लावायला घेतला आणि त्या हंगामात हजारावर लोक आजारी पडले. नंतर २०१२ मध्ये बंदीपूर, मग वायनाड, मग गोवा, मग तुम्ही. सह्याद्रीची सगळी उतरंड एकच आहे.

तिलारीकाठ

हे वाचून जरा गप्प झालो. आमची वरची बाग आजोबांच्या वेळी जंगलच होती. लहानपणी तिथे जायला भीती वाटायची, आता जेसीबी जातो. आमच्या शेजारी तर रबर झालंय. काजू लावला नसता तर माझं शिक्षण झालं नसतं, हेही तितकंच खरं. त्यामुळे कोणाला बोल लावायचा ते कळत नाही.

अपडेट: आरोग्य केंद्रातून दोघे जण आणि वनरक्षक काल दुपारी आले. माकड केलडी जातीचं (लाल तोंडाचं), दोन दिवसांचं असावं, नमुना घ्यायच्या लायकीचं उरलं नव्हतं. जाळलं, पावडर मारली. वाडीत एक-दोघांनी कुरकुर केली, कारण मारुतीरायाचं माकड म्हणून हार-अगरबत्ती करून वाजतगाजत पुरायचा बेत होता. गेल्या वर्षी एक वानर तसाच खांद्यावरून नेला होता म्हणे, आणि कोणी कुठे कळवलंच नाही. वनखात्याचा माणूस आला तर आपल्यावरच केस घालेल ही भीती.

सत्तरीकार

ती भीती आमच्याकडेही. माकड मेलेलं दिसलं की लोक वाट बदलतात. आणि मग गावात पहिला माणूस तापाने पडल्यावर आठवतं, की अरे, पंधरा दिवसांपूर्वी तिथे वास येत होता.

चकलीबिस्किट

इथे विनोद करायला आलो होतो. पण एक खरंच विचारतो, आम्ही शनिवार-रविवार ट्रेकला जातो, पाचोळ्यात मस्त लोळतो. आम्हाला काय?

ओपीडी_नं_४

दोडामार्ग-सत्तरी पट्ट्यात हंगामात लोळू नका, एवढंच. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, फिकट रंगाचे कपडे म्हणजे गोचीड दिसते. उघड्या अंगाला डासांचं क्रीम नव्हे, आरोग्य खातं त्या भागात देतं ते डीएमपी किंवा डेपा तेल. दर काही तासांनी पुन्हा लावायचं, घामाने जातं. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंग घासून आंघोळ. आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला "ट्रेकला गेलो होतो" हे सांगा, तो विचारेल याची वाट बघू नका.

तिलारीकाठ

शेवटचं अपडेट. आरोग्य केंद्राने तेलाच्या बाटल्या दिल्यात, ताई. आईचं म्हणणं, त्या वासाने डोकं धरतं. बाबांची जुनी फुल पँट आणि माझे शाळेतले एनसीसीचे बूट घालून ती बागेत जाते. शेजारणी हसतात. गड्यांनी मात्र एकाच दिवसात तेल संपवलं, कारण त्याने डासही चावत नाहीत. माकड सापडलं तो कोपरा दोरी बांधून बंद केलाय. तिथे बारा झाडं आहेत. मी म्हटलं, यंदा ती सोडून दे. "सोडतंय," म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता, "पण काजी काय कोणाक थांबणत नाय."

मी शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने निघतोय. आईने येताना चिमटा आणायला सांगितलाय.

इसारकाठची

टोक बारीक असलेला घे. भुवयांचा नको.